लग्न करायलाच पाहिजे का, हे आधी विचारा

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे एक वाद दरवर्षी नव्याने पेटतो: मुलांची लग्नं का जमत नाहीत? डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात तर त्याचा मोर्चा निघाला. मुंडावळ्या बांधलेले, फेटे घातलेले, काही चक्क घोड्यावर बसलेले तरुण वाजतगाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले आणि आम्हाला बायको मिळवून द्या, गर्भलिंगनिदानाचा कायदा नीट राबवा, असं निवेदन देऊन आले. वर्तमानपत्रांनी फोटो छापले, लोक दोन दिवस हसले आणि विसरले. वाद मात्र तसाच चालू आहे. पारावर, वधू-वर मेळाव्यात, भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक बाजू म्हणते, मुलींच्या अपेक्षा फार वाढल्यात. दुसरी म्हणते, पोटातच मुली मारल्यात ना, आता भोगा. पहिलीला मुलगी माजलेली दिसते, दुसरीला मुलगा शिक्षेला पात्र दिसतो. इतका तावातावाने आणि इतका वाईट मांडलेला दुसरा वाद सध्या महाराष्ट्रात नसेल.

कारण एका गोष्टीवर दोन्ही बाजूंचं न बोलता एकमत आहे. लग्न प्रत्येकाचं झालंच पाहिजे, वेळेत झालं पाहिजे, आणि झालं नाही तर त्या माणसाचं काहीतरी बिघडलं आहे. कुणामुळे अडलं, एवढ्यापुरतंच भांडण. माझ्या मते ही सक्ती हाच मूळ प्रश्न आहे, बाकीची तिची पिल्लं आहेत. माणसाला मोठं समजणं, डोक्यावर छप्पर, चूल, शेतात राबणारे हक्काचे दोन हात, शरीराची गरज, म्हातारपणीची सोय, गावातली पत, हे सगळं आपण एकाच खुंटीवर टांगलं आहे आणि खुंटी हलायला लागली की दोष मुलीच्या आशेला देतो किंवा मुलाच्या नशिबाला. लग्नसंस्था मोडीत काढा, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणारे बहुधा स्वतःच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस साजरा करून मग म्हणतात. माझं म्हणणं त्याहून साधं आहे. लग्न न करता, किंवा केलेलं मोडून, माणसाला धड जगता येत नसेल तर केलेल्या लग्नाला त्याची निवड म्हणता येणार नाही. आणि जिथे निवड नाही तिथे अपेक्षा कमी की जास्त, या चर्चेला फारसा अर्थ नाही.

आकड्यांचा युक्तिवाद सर्वांत भक्कम आहे, म्हणून आधी तोच घेतो. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे 1991 साली 946 मुली होत्या, 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894. बीड जिल्ह्याचा 2011 चा आकडा 807 होता. गर्भलिंगनिदानाला वेसण घालणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, 1988 मध्ये. केंद्राचा 1994 मध्ये आला. तरी घसरण चालूच राहिली. त्या काळात जन्मलेली मुलं आज पंचविशी-तिशीत आहेत. म्हणजे मोर्चातल्या पोरांचं गणित खोटं नव्हतं. त्यांच्यावर हसणाऱ्यांपेक्षा त्यांना ते जास्त कळलं होतं, कारण तो कायदा राबवण्याची मागणी त्यांनी स्वतःच्याच निवेदनात घातली होती. पोटातल्या मुलीचा निकाल लावला तो त्यांच्या आईबापांच्या पिढीने, आज्या-आजोबांनी आणि सोनोग्राफीचं यंत्र घेऊन बसलेल्या डॉक्टरांनी. 'आता भोगा' हे त्या पोरांना ऐकवण्यात न्याय कुठला?

पण हाच युक्तिवाद शेवटपर्यंत नेऊन पाहा. जे दुर्मीळ होतं त्याला भाव येतो, असं बाजार सांगतो. मुली कमी झाल्या, तर मुलींना भाव आला का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, राज्यातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 21.9 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. ज्या बीडमध्ये मुलींचा आकडा इतका खाली, तिथे हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर होतं. मुली कमी आणि त्यांची लग्नं मात्र आणखी लवकर, हे तुटवड्याच्या गणितात कुठेच बसत नाही.

ते बसतं ऊसतोडीच्या गणितात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडीला; एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आईबाप पाच-सहा महिन्यांसाठी उसाच्या फडावर निघतात. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची? सोबत न्यावी तर राहायला कोपी, म्हणजे फडावरची झोपडी, तिला धड दार नाही, आणि शाळा तर सुटलीच. मग सगळ्या प्रश्नांवर एकच उत्तर निघतं: उरकून टाका. बाप क्रूर असतो म्हणून उरकत नाही. त्याच्यापुढे दुसरी वाट नसते. इथे लग्नच वसतिगृह, लग्नच पोलीस बंदोबस्त आणि लग्नच रोजगार हमी. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने सरकारी वसतिगृहांची योजना आता आली आहे. बालविवाहाविरुद्धच्या शंभर पथनाट्यांपेक्षा अशा एका नीट चालणाऱ्या वसतिगृहाने जास्त मुली वाचतील, असं मला वाटतं. मुलीला राहायला दार-कडी असलेली खोली आणि शेजारी शाळा मिळाली की 'उरकण्या'ची घाई आपोआप ओसरते. घाई धर्माची असती तर ती खोलीने ओसरली नसती.

आता अपेक्षांकडे येऊ. एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करायला हवी. मुलीकडच्यांच्या मागण्या काही वेळा हास्यास्पद असतात. स्वतःची दोन एकर कोरडवाहू असलेला बाप जावयाकडे दहा एकर बागायत मागतो आणि वर जावई शेतात उतरता कामा नये, पुण्यात नोकरीला पाहिजे, म्हणतो. शेती हवी, शेतकरी नको! आपली बहीण शेतकऱ्याला द्यायला तयार नसलेला भाऊ स्वतःसाठी मात्र शेतात राबणारी बायको शोधत असतो, हेही तेवढंच खरं. शहरातल्या बायोडेटांमधली 'पॅकेज'ची ओळ याहून वेगळी नाही, फक्त आकडा मोठा.

तरी त्या अपेक्षेच्या मागे काय आहे, हे पाहिलंच पाहिजे. लग्नाने मुलाला बायको मिळते. मुलीचं लग्नात घर बदलतं, गाव बदलतं, आडनाव बदलतं, बहुतेक वेळा काम सुटतं किंवा दुप्पट होतं. आईला तिने पहाटेपासून शेतात आणि रात्रीपर्यंत चुलीपुढे पाहिलेलं असतं, आणि सातबाऱ्यावर आईचं नाव कुठेच नसतं, हेही पाहिलेलं असतं. बापाच्या जमिनीत कायद्याने वाटा आहे खरा, पण तो घेतला तर माहेर तुटतं, म्हणून हक्कसोड करून ती मोकळी होते. भाऊबीजेच्या ओवाळणीवर एकराचा हिशेब मिटतो. जिच्या नावावर ना माहेरचं काही ना सासरचं, तिने नवऱ्याचा पगार विचारायचा नाही तर काय विचारायचं? त्याचा स्वभाव? तो कळायला एका कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात वेळ तरी कुठे असतो? अपेक्षांवर चिडणाऱ्यांनी एवढंच सांगावं, की याच मुलीच्या नावावर एक एकर असती तर तिने नोकरीचा हट्ट इतकाच धरला असता का?

हे शहरी स्त्रीवाद्यांचं खूळ आहे, असं वाटत असेल तर शेतकऱ्यांच्याच चळवळीचा इतिहास आठवावा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन भरवलं. पुढे त्याच संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम काढली: शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा एक तुकडा स्वखुशीने बायकोच्या नावावर करायचा. शेतमालाच्या भावासाठी रस्ते अडवणारा कार्यकर्ता गावोगाव जाऊन पुरुषांना सांगत होता, की लक्ष्मीचं देणं फेडल्याशिवाय आपल्याला सरकारकडे घामाचं दाम मागायचा हक्क नाही. ही मोहीम सगळीकडे पोचली नाही, आणि आज तिचं नावही नव्या पोरांना माहीत नाही. पण प्रश्नाची नस तिने बरोबर पकडली होती, आणि ती पकडणाऱ्यांत धोतर-टोपीवाले होते.

उलट सरकारने काय केलं? 1994 मध्ये महाराष्ट्राने वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध वाटा दिला. पुरोगामी पाऊल म्हणून त्याचं कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. पण त्यात एक अट होती: 22 जून 1994 च्या आधी जिचं लग्न झालं, तिला हा हक्क नाही. सख्ख्या दोन बहिणींपैकी एकीचं लग्न मे महिन्यात लागलं आणि दुसरीचं जुलैत, तर एकीला वाटा आणि एकीला नाही. भावाच्या लग्नाची तारीख कुणी विचारली नाही. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट गेली. त्या दुरुस्तीच्या अर्थाबद्दलचे उरलेसुरले वाद मिटायला सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा निकाल यावा लागला.

'असे प्रश्न विचारायला लागलात तर कुटुंबसंस्था कोसळेल,' हा आक्षेप मात्र जुना आहे, आणि त्याची परीक्षा मुंबईत एकदा होऊन गेली आहे. अकराव्या वर्षी लग्न लावलेल्या रखमाबाईने मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला नकार दिला. 1884 मध्ये त्या नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. पहिल्या न्यायाधीशाने तिच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो फिरला, आणि मार्च 1887 मध्ये तिला सांगण्यात आलं: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. टिळकांसकट अनेक मोठ्या माणसांना त्यात धर्माचा आणि समाजाचा नाश दिसत होता. सरतेशेवटी 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, रखमाबाई इंग्लंडला गेली, डॉक्टर होऊन आली आणि सुरत-राजकोटला तिने आयुष्यभर बायकांवर उपचार केले. समाज बुडाला नाही. 1891 मध्ये मुलीचं शरीरसंबंधासाठीचं संमतिवय दहाचं बारा करताना हीच हाकाटी झाली, तेव्हाही बुडाला नाही. आज रखमाबाईच्या बाजूने न उभा राहणारा माणूस सापडणार नाही, आणि तरी 'मला नांदायचं नाही' म्हणणारी पुतणी घरात निघाली की आपण दादाजीचाच युक्तिवाद करतो.

त्या खटल्यातली एक बाजू शाळेतल्या धड्यांत सहसा येत नाही. रखमाबाईच्या नावावर वडिलांकडून आलेली मालमत्ता होती. तिच्या ठामपणाला हिंमत होती, शिक्षण होतं, सखाराम अर्जुनांसारखा पाठीशी उभा राहणारा सावत्र बाप होता, पण पायाखाली जमीनही होती. अशी हिंमत तेव्हा हजार मुलींच्या मनात असेल. न्यायालयापर्यंत पोचली ती एक. आणि ज्या दाव्याखाली तिला ओढलं, तो पुसला गेला असं वाटत असेल तर 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम 9 काढून वाचा. नांदायला आणण्याचा दावा तिथे आजही आहे. तुरुंग गेला, पण आंध्र उच्च न्यायालयाने 1983 मध्ये घटनाबाह्य ठरवलेलं हे कलम सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये पुन्हा उचलून धरलं.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत जड आक्षेप वेगळाच आहे, आणि तो मला टाळता येत नाही. गरीब बाईला लग्नाशिवाय आहे काय? पोटगी, वारसा, छळाविरुद्धची फौजदारी कलमं, मुलांना बापाचं नाव, हे बहुतेक सगळं कायद्याने लग्नाच्या आधारावर मिळतं. गावात एकटी राहणारी बाई म्हणजे प्रत्येकाच्या नजरेत कुणाचीही नसलेली, म्हणून कुणाचीही. ज्यांच्या बँकेत पैसे आहेत त्यांनी लग्नावर शंका घ्याव्यात. शेतमजुरी करणाऱ्या बाईकडून तिचं एकुलतं कवच काढून घेऊ नका. हे शब्दशः खरं आहे. पण ज्या बायकांच्या नावाने हा आक्षेप घेतला जातो, त्या स्वतः काय म्हणाल्या? 1988 मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली. नवऱ्याने टाकलेल्या, कागदावर लग्न शाबूत असलेल्या बायका त्यात होत्या. या चळवळीने पुढे ज्या मागण्या लावून धरल्या त्या पोटगीच्या होत्या, स्वतंत्र रेशनकार्डाच्या होत्या, घराच्या होत्या. आमची पुन्हा लग्नं लावून द्या, असं त्या म्हणत नव्हत्या. कवच फाटलेलं असतं तेव्हा काय लागतं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करण्याचा ठराव केला, आणि काही दिवसांतच सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. नवरा गेला म्हणून माणूस म्हणून असलेली किंमत जाऊ नये, हे एका गावाला कळू शकतं.

सरकारला अजून अर्धवटच कळलंय. 2024 च्या 'लाडकी बहीण' योजनेत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार अशा बायकांना महिना दीड हजार मिळतात. अविवाहित मात्र एका कुटुंबात एकच चालते. घरात न लग्न झालेल्या दोन बहिणी असतील, दोघी राबत असतील, तर दुसरीने काय करायचं? अट घालणाऱ्याच्या मनात अविवाहित मुलगी म्हणजे तात्पुरती अवस्था असणार, लवकरच बदलणारी. ती तशीच पंचेचाळीसची होईल, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे येतच नाही.

आणि पुरुष? त्यांच्यावरच्या सक्तीबद्दल आपण जवळजवळ बोलतच नाही. गावातला अडतीस वर्षांचा अविवाहित गडी अजून 'पोरगा'च असतो. वाटणीच्या बैठकीत त्याच्या शब्दाला वजन नसतं, भाड्याने खोली मागायला शहरात गेला तर 'फॅमिली आहे का?' हा पहिला प्रश्न, लग्नसराईत तो पंगतीत वाढणारा. घरी आई म्हणते, आता माझ्याच्यानं होत नाही रे, सून आण. तिचं म्हणणं नीट ऐकलं तर तिला भाकरी थापायला आणि दुखण्याखुपण्यात बघायला माणूस हवं आहे. ही गरज खरी आहे, पण तिचं उत्तर पोराला दोन भाकरी थापता येणं आणि गावात धड चालणारं आरोग्य उपकेंद्र असणं, हेही असू शकतं. तसं होत नाही. मग एजंट गाठला जातो, परक्या जिल्ह्यातलं, परक्या राज्यातलं 'स्थळ' येतं, दीड-दोन लाख मोजले जातात, देवळात हार घातले जातात आणि आठ दिवसांत नवरी दागिन्यांसह गायब. अशा बातम्यांत आपल्याला फक्त लुबाडणारी टोळी दिसते. ज्या मुलींना खरोखरच विकून आणलेलं असतं आणि ज्या पळून जाऊ शकत नाहीत, त्यांची बातमी होत नाही. दारू सुटेल म्हणून, डोक्याचा त्रास बरा होईल म्हणून, 'जबाबदारी अंगावर पडली की सुधारेल' म्हणून जी लग्नं लावली जातात, त्यांत तर औषध म्हणून एक जिवंत मुलगी दिलेली असते.

राहिलं म्हातारपण. लग्न नाही तर मुलं नाहीत, मुलं नाहीत तर शेवटी तोंडात पाणी घालणारं कोण? जपानसारख्या देशांत लग्नं घटली तशी मुलंही घटली आणि एकटे म्हातारे वाढले, हे उदाहरण लगेच पुढे केलं जातं, आणि ते खोटं नाही. पण आपल्याकडे जवळपास प्रत्येकाचं लग्न होतं, जवळपास प्रत्येक जोडप्याला मूल हवं असतं, आणि तरीही 2007 मध्ये आईबापांना पोटगी देण्याची सक्ती मुलांवर करणारा कायदा संसदेला करावा लागला. लग्नाचा विमा इतका खात्रीचा असता तर त्या कायद्याची वेळ का आली? निराधार म्हाताऱ्याला सरकार आज जे देतं त्यात महिन्याचा किराणा भागत नाही. ती रक्कम जगण्याएवढी झाली, तर एकही मुलगा केवळ 'आमचं कोण करणार' म्हणून बोहल्यावर चढवला जाणार नाही, आणि एकही सून केवळ त्यासाठी आणली जाणार नाही.

यातलं बरंचसं सरकारने करायचं आहे, म्हणून ते कधी होईल सांगता येत नाही. एक गोष्ट मात्र घरच्या घरी होण्यासारखी आहे आणि तिला कुठला शासननिर्णय लागत नाही. स्थळ बघायला निघालेला बाप मुलाकडच्यांकडे सातबारा मागतो, पगाराची स्लिप मागतो, पुण्यातल्या फ्लॅटचे कागद मागतो. मागू दे. पण त्याआधी त्याने स्वतःच्या सातबाऱ्यावर मुलीचं नाव चढवावं, आणि मुलीच्या भावाने हक्कसोडीचा कागद आणू नये. मग ती नोकरीवाल्याला हो म्हणेल, शेतकऱ्याला हो म्हणेल किंवा दोघांनाही नाही म्हणेल.